दोन मिळकतींचे घर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रातील एक प्रसंग महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्याला आता आख्यायिकेची कळा आली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकविणारा एक तरुण शिक्षक. बढतीची वेळ येताच त्याला डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात येते. मानी शिक्षक राजीनामा देऊन बेळगावास निघून जातो, आणि त्या राजीनाम्यातून कालांतराने किर्लोस्करवाडी उभी राहते. नोकरी झुगारून देण्याचे धैर्य तरुणांच्या अंगी यावे म्हणून उद्योजकतेवरील व्याख्यानांतून हा प्रसंग हटकून सांगतात, आणि त्यात असत्य असे काही नाही. परंतु सांगण्याच्या ओघात एक तपशील बहुधा गळून जातो, आणि माझ्या दृष्टीने तोच या कथेचा गाभा आहे. सायकलींचे दुकान राजीनाम्यानंतर सुरू झाले नव्हते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मानतात. लक्ष्मणराव मुंबईत पगारी नोकर असताना सायकली खरेदी करून बेळगावास धाडीत, आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा तेथे त्या विकीत व गिऱ्हाइकांना चालवावयास शिकवीत. एका भावाचा मुशाहिरा दरमहा हाती येत होता, तेव्हा दुसरा भाऊ दुकानात बसला होता. आणि पुढे नोकरीचा मार्ग खुंटला तेव्हा जावयास एक दुकान आधीच उभे होते.

पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीनात, आणि पहिले नांगर खपावयास फार काळ जावा लागला. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे नांगराच्या या खटपटीच्या सुमाराचाच. घरात तान्हे मूल आणि दुकानात न खपलेला माल ही स्थिती ज्या घराने निभावली, त्या घराचा जमाखर्च कोणी छापला नाही. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ जागा देऊन कारखान्यास आश्रय दिला, ही मात्र सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट.

या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की नोकरी करावी की स्वतंत्र धंदा, हा प्रश्न आपण नेहमी एका माणसाला घालतो, आणि त्याच्या धाडसाची किंवा भित्रेपणाची परीक्षा म्हणून तो सोडवितो. वास्तविक ज्याला बायको-मुले आहेत, म्हातारे आईवडील आहेत, जूनमध्ये शाळेची फी आणि आषाढात घराची गळती आहे, त्याच्यापुरता हा प्रश्न एका माणसाचा उरतच नाही, तो घराचा होतो. एकाचा धंदा दुसऱ्या कोणाच्या तरी नियमित मिळकतीवर उभा राहतो. आणि ती नियमित मिळकत, मग ती भावाची असो, बापाच्या निवृत्तिवेतनाची असो की बहुतेक घरांतल्याप्रमाणे बायकोची असो, त्या धंद्याचे भांडवल असूनही कोणत्याही कीर्दखतावणीत भांडवल म्हणून लिहिली जात नाही.

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आलो, पण तिच्याप्रमाणे वागलो नाही. आणि न वागण्यात पूर्वजांचा मूर्खपणा होता असे मला वाटत नाही. जुन्या गावगाड्यातील सुतार, लोहार, कुंभार हे आजच्या अर्थाने स्वतंत्र धंदेवाईक नव्हते. त्यांच्या कसबामागे वतनाचा हक्क होता आणि खळ्यावर मिळणारे बलुते होते. पीक बुडाले तर बलुतेही बुडे, हे खरे. तथापि वर्षाच्या अखेरीस आपल्या वाट्याचे काहीतरी मिळणार, एवढी हमी गावाने त्यांना दिलेली होती. ती हमी इंग्रजी अमलात ढासळली, आणि तिच्या जागी ज्या दोन नव्या हमी आल्या त्यांतली एक मामलेदार कचेरीतील कारकुनीची होती व दुसरी मुंबईच्या गिरणीतील साच्यावरची. कोकणातला आणि घाटावरचा माणूस या दुसरीच्या मागे गेला. त्याला नोकरीची हौस नव्हती. गावातील घर चालविण्यासाठी दरमहा मनिऑर्डर धाडता यावी, एवढाच त्याचा हेतू होता.

म्हणून या विषयाचा शोध मी गिरणगावातून सुरू केला. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये ताडदेव येथे कावसजी दावर यांनी केली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरात जी वस्ती झाली तिच्यात पुरुषांची संख्या बायकांपेक्षा कितीतरी अधिक होती. एका गावचे दहावीस गडी एका खोलीत राहत, पाळीप्रमाणे आळीपाळीने निजत, आणि जेवत मात्र खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. गिरणी कामगाराचीच बायको, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पहाटेच्या पहिल्या पाळीच्या आधी उठून दहा, पंधरा, प्रसंगी वीस माणसांचा स्वयंपाक करी. नवरा गिरणीत कायम असला तर घरात एक पगार निश्चित असे. पण तो ‘बदली’ असला, म्हणजे रोज सकाळी दरवाज्यावर जाऊन कोणी गैरहजर आहे का हे पाहणारा असला, तर घराचा खरा आधार चुलीपाशी असे. नोकरी आणि स्वयंरोजगार ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच छपराखाली, नवरा-बायकोंनी वाटून घेतलेली होती. त्यांपैकी एकीला आपण धंदा करीत आहो हे कोणी सांगितलेले नव्हते, कारण जगाच्या लेखी ती ‘घरीच असते’.

या धंद्याची खरी अडचण हिशेबात होती. जेवणारे पैसे देत महिन्याच्या पगाराला. वाण्याचे तांदूळ-पीठ, तेल, घासलेट मात्र रोजचे रोज लागे. या तीस दिवसांच्या अंतरात सावकार बसलेला होता, आणि त्याच्या व्याजात बाईचे श्रम जिरून जात. मंगळसूत्र गहाण पडे, सुटे, पुन्हा पडे. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान धंदेवाइकांना कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य ठरले, तेव्हाही ‘धंदेवाईक’ या शब्दात या बायका कोणास दिसल्या नव्हत्या. त्या दिसल्या त्या प्रेमा पुरव यांना. गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आयुष्य घातलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, खानावळवाल्या बायकांचे गट करून त्यांना एकमेकींचे जामीन केले आणि बँकेकडून कर्ज मिळवून दिले. तारण काही नव्हते. शेजारणीची जबान हेच तारण. कर्जे फिटली. ज्या बायकांची सही म्हणजे अंगठा होता त्यांच्या नावे बँकेत खाते उघडले गेले, आणि जे श्रम आजवर घरकाम म्हणून गणले जात होते त्यांना प्रथमच व्यवसायाची सनद मिळाली.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस आला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर कायम नोकरी ही संस्थाच गिरणगावातून विरत गेली. सर्वसाधारण समजूत अशी की त्या काळात बायकांच्या खानावळींनी घरे तारली. पुष्कळ घरांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण लालबागच्या एका जुन्या चाळीत मला भेटलेल्या, आता ऐंशीच्या पुढे गेलेल्या एका मालवणी बाईंनी जे सांगितले त्याने या समजुतीला मोठी मर्यादा पडली. नवरा साचेखात्यात कायम होता, आणि त्यांच्याकडे जेवणारेही सगळे गिरणीतलेच होते. “सा महिने फुकट जेवूक घातलंय,” त्या म्हणाल्या. “गावचीच पोरां ती. उपाशी कसा धाडतलंय तेंका?” सहा महिन्यांनी ती मुले गावी निघून गेली, वाण्याची बाकी तेवढी राहिली, आणि ती फेडण्यासाठी त्यांनी पुढे कचेऱ्यांचे डबे करावयास घेतले. डब्यांची गिऱ्हाइके बँकेतली आणि सरकारी कचेरीतली होती. संपाची झळ त्यांच्या पगाराला लागलेली नव्हती. घर सावरले ते या डब्यांवर.

या एका हकीकतीत मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. त्या घरात दोन मिळकती होत्या, एक नोकरीची आणि एक धंद्याची, आणि तरीही त्या दोन नव्हत्या. कारण नवऱ्याचा पगार आणि बायकोच्या खानावळीचे उत्पन्न ही दोन्ही गिरणीच्या एकाच तिजोरीतून निघत होती, आणि तिजोरी बंद होताच दोन्ही एका दिवशी थांबली. घराला स्थैर्य येण्यास मिळकती दोन असून भागत नाही, त्यांचे उगम भिन्न असावे लागतात. किर्लोस्कर बंधूंची गोष्ट याच कसोटीवर घासून पाहावी: एकाचा पगार मुंबईच्या शिक्षणसंस्थेतून येई, दुसऱ्याचे उत्पन्न बेळगावच्या गिऱ्हाइकाकडून, एकावर आलेले संकट दुसऱ्यावर जात नव्हते.

इचलकरंजीला मी गेलो तो हेच पडताळून पाहण्यासाठी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगास उत्तेजन दिले, आणि बघताबघता हे जहागिरीचे गाव मागांचे गाव झाले. आज कोणत्याही गल्लीत शिरावे तर भिंतीआडून मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि प्रथमदर्शनी असे वाटते की ज्या देशात प्रत्येक जण नोकरी मागत आहे त्या देशात हे एक स्वतंत्र कारागिरांचे नगर आहे. पण या स्वातंत्र्याला अनेक पायऱ्या आहेत. मागांचा मालक असलेला फार मोठा वर्ग ‘खर्चीवाला’ आहे. व्यापारी त्याला ताणा गुंडाळलेले बीम देतो, बाण्याचे सूत देतो आणि तयार कापड घेऊन जातो. विणण्याची मजुरी ‘पिका’च्या, म्हणजे बाण्याच्या फेऱ्यांच्या हिशेबाने ठरते, आणि ती ठरविणारा व्यापारी असतो. शेडचे भाडे, वीज, तेल, सुटे भाग, जॉबरचे आणि कामगाराचे वेतन हे सर्व खर्चीवाल्याने भरावयाचे. बाजारात मंदी आली की व्यापारी बीम देणे थांबवितो, तो कोणालाही कामावरून काढीत नाही, कारण त्याने कोणाला कामावर ठेवलेलेच नसते. दिवाळी आली म्हणजे खर्चीवाल्याने आपल्या कामगारांना बोनस द्यावयाचा. त्याला स्वतःला बोनस देणारा कोणी नाही.

अशा माणसाला मालक म्हणावे की मजूर? कायद्याने तो मालक आहे. पण किंमत ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही आणि गिऱ्हाईक ज्याला एकच आहे, त्याच्या धंद्यात मला नोकरीचे सर्व पारतंत्र्य दिसते आणि नोकरीची एकही हमी दिसत नाही. स्वयंरोजगाराची स्तुती करणाऱ्यांनी हा भेद फार स्पष्टपणे सांगावयास हवा. आज शहरात दुचाकीवरून जेवण पोचविणाऱ्या मुलांना ‘भागीदार’ म्हणतात, त्यांची गत याहून निराळी नाही. धंद्यात उतरू पाहणाऱ्या गृहस्थाने मनाशी प्रथम विचारावयाचा प्रश्न भांडवलाचा नव्हे. भाव कोण ठरविणार आणि एक गिऱ्हाईक सुटले तर दुसरे किती दिवसांत मिळेल, हा आहे.

तेथेच एका खर्चीवाल्या गृहस्थांच्या घरी दुपारी बसलो होतो. आठ माग, भाड्याची शेड, दोन मुली, वडील अंथरुणावर. पूर्वी त्यांची पत्नी घरीच मागाच्या कांड्या भरीत असे. आता त्या अंगणवाडीत सेविका आहेत. मानधन थोडे, माग चांगले चालतात तेव्हा नवऱ्याच्या मिळकतीपुढे ते दिसतही नाही. “पण वयनी,” शेजारची बाई त्यांना म्हणाली, “तुमचं येतंय म्हणून तर गेल्या साली माग मोडीत गेलं न्हाईत.” गृहस्थांनी ते नाकारले नाही. मंदीच्या चार महिन्यांत धाकटीची फी आणि किराणा त्या मानधनातून भागला, आणि म्हणून माग भंगारवाल्याला विकण्याची पाळी आली नाही. कांड्या भरीत असत्या तर बाईंचेही काम त्याच महिन्यांत थांबले असते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेतील सेविकांना सरकार कामगार म्हणावयास तयार नव्हते. त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत हे ठरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला. त्या तुटपुंज्या मानधनाने इचलकरंजीतले आठ माग वाचविले, ही नोंद मात्र ना यंत्रमागाच्या अहवालात होईल, ना अंगणवाडीच्या.

नोकरीतून घराला काय मिळते याचा हिशेब बहुतेक लोक हाती येणाऱ्या पगारावर करतात, आणि तेथेच चूक होते. समजा, एखाद्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून तीस हजार रुपये आहेत, आणि त्याचा मालक संपूर्ण वेतनावर भविष्यनिर्वाह निधी भरतो. मालकाचा हिस्सा बारा टक्के, म्हणजे दरमहा तीन हजार सहाशे. दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार या दराने ग्रॅच्युइटी धरली तर, महिन्याचे सव्वीस दिवस मानून, ती दरमहा सुमारे चौदाशे चाळीस रुपये पडते. पाच हजारांची ही रक्कम त्याच्या हातात कधी दिसत नाही, पण मूल पदवीला जाईल तेव्हा किंवा तो स्वतः साठीला येईल तेव्हा ती उभी असते. त्यात भरपगारी रजा मिळवा, साप्ताहिक सुटी मिळवा, आणि गृहकर्जासाठी बँकेत गेल्यावर पगारपत्रकाला मिळणारा मान मिळवा. धंदेवाइकाला त्याच खिडकीपाशी दोनतीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मांडून आपली प्रामाणिकता सिद्ध करावी लागते. तेव्हा तीस हजारांची नोकरी सोडणाऱ्याने धंद्यातून तीस हजार मिळविले तर तो बरोबरीला आला असे नव्हे, तो मागे पडला.

घरात मूल येण्याच्या वेळी हा फरक सर्वांत तीव्रतेने जाणवतो. प्रसूती रजेचा हक्क १९६१ च्या कायद्याने आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. शिवणकाम करणारी, शिकवण्या घेणारी, पाळणाघर किंवा पोळीभाजी केंद्र चालविणारी स्त्री या सव्वीस आठवड्यांत कोठे बसते? तिची गिऱ्हाइके तिसऱ्या आठवड्यात दुसरीकडे जातात, आणि बाळाला मांडीवर घेऊन ती यंत्रावर बसते. स्त्रियांना घरबसल्या उद्योगाचा उपदेश करणाऱ्यांनी, मूल सांभाळून चार पैसे मिळतात असे सांगणाऱ्यांनी, या बाईकडे एकदा पाहावे. तेथे मूल सांभाळण्याचा वेळ आणि मिळविण्याचा वेळ हे दोन्ही तिच्या झोपेतून काढलेले असतात. हे मी रागाने लिहितो आहे, आणि तो राग मला योग्य वाटतो.

मात्र नोकरीचा पक्ष मांडताना हेही सांगावयास हवे की ज्या नोकरीशी आपण धंद्याची तुलना करतो ती आपल्या वडिलांची नोकरी असते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत लागलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद करण्यात आले. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. २००० पासून शिक्षकाला प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबावे लागते. आणि विनाअनुदानित शाळांत तर अशी पदवीधर माणसे आहेत की ज्यांच्याजवळ नेमणुकीचा हुकूम आहे, हजेरीपट आहे, पगार तेवढा नाही. अनुदान येईल या आशेवर ती वर्षे काढतात आणि घर चालते ते शेतीवर, दुकानावर किंवा संध्याकाळच्या शिकवणीवर. येथे धंद्याच्या जिवावर नोकरी पोसली जात आहे. कारखान्यांतून कंत्राटदाराकरवी लागलेल्या कामगाराची स्थिती गिरणीच्या दरवाज्यावरील बदली कामगाराहून किती वेगळी आहे, हे ज्याने चाकणच्या सकाळच्या पाळीची गर्दी पाहिली आहे त्याला विचारावे.

तेव्हा धंदा करूच नये, असा माझा निष्कर्ष मुळीच नाही. ज्या माणसाच्या हातात कसब आहे आणि ज्याला आपल्या कामाचा भाव आपण ठरविता येतो, त्याने जन्मभर दुसऱ्याच्या हुकमतीत झिजणे हीही घराची हानीच आहे. खिन्न बापाच्या घरात मुले वाढतात ती कशी वाढतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माझा आग्रह एवढाच की घराने धंद्यापासून स्वतःचे रक्षण करण्याची जी साधने कायद्याने पूर्वीच देऊन ठेवली आहेत त्यांचा विचार धंद्याच्या पहिल्या दिवशी व्हावा, जप्तीची नोटीस आल्यावर नव्हे.

ही साधने थोडी नाहीत. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तिविषयक कायद्याखाली पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलांच्या हितार्थ उतरविला, आणि तो उतरवितानाच तसे लिहून दिले, तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी म्हणून राहते आणि धंद्याचे सावकार तिला स्पर्श करू शकत नाहीत. अट एवढीच की सावकारांना बुडविण्याच्या हेतूने तो उतरविलेला नसावा. विमा एजंटसुद्धा हे क्वचित सांगतात. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम टाकता येते, मुदत पंधरा वर्षांची, आणि धंद्याच्या कर्जापायी दिवाणी न्यायालयाचा हुकूम झाला तरी ती जप्त होत नाही. खुद्द दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात ज्या वस्तूंवर जप्ती नाही त्यांची यादी आहे, आणि ती वाचताना त्या कायदेपंडितांना घर म्हणजे काय हे नीट ठाऊक होते असे वाटल्यावाचून राहत नाही: ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, आणि कारागिराची हत्यारे. १९०८ सालच्या या यादीत चूल आणि हत्यार शेजारी-शेजारी आहेत. याउलट लहान उत्पादकाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळावेत असा २००६ चा कायदा असूनही, मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून पुढचे काम गमावण्यास लहान माणूस धजत नाही. तेथे कायद्यावर विसंबून घरखर्चाचे अंदाजपत्रक करू नये.

सरकारनेही, स्वतःच्या नोकरापुरते का होईना, घर हे एकच खाते आहे ही गोष्ट ओळखलेली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्यास खासगी धंदा करता येत नाही, आणि कुटुंबातील कोणी धंदा करीत असेल तर ते सरकारला कळवावे लागते. हेतू भ्रष्टाचार रोखण्याचा आहे. तथापि नवऱ्याचा धंदा आणि बायकोची नोकरी यांचा परस्परसंबंध आहे हे ज्या कचेरीला कळते, ते त्या नवऱ्याला कळू नये याचे आश्चर्य वाटते.

भोसरीला एक जोडपे भेटले ज्यांना ते कळलेले होते. तो चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षे टर्निंगचे काम करीत होता आणि आता भोसरीत भाड्याचा गाळा घेऊन जॉबवर्क सुरू करण्याच्या बेतात होता. ती खासगी रुग्णालयात परिचारिका. मुलगा सातवीत, मुलगी बालवाडीत, घरात सासूबाई. सहा महिने दोघांनी या विषयावर वाद घातला होता. तिचा विरोध धंद्याला नव्हता. तिचे म्हणणे असे की आपल्या पगारावर घर चालणार आणि त्यामुळे त्याचा गाळा चालणार, तर त्या गाळ्यात आपला भाग किती हे लिहिले जावे. त्याला प्रथम ते विचित्र वाटले. नवरा-बायकोंत कागद कशाला, असे सासूबाईंनीही विचारले. “आई, तुमच्या पाटल्या मोडून मामंजींनी रिक्षा घेतली, ती कोणाच्या नावावर होती?” एवढेच तिने विचारले. त्यानंतर भागीदारीपत्र झाले, निम्म्या हिश्शाचे. राहते घर गहाण टाकावयाचे नाही, तिचा पगार घरखर्चालाच जाईल, विम्याची पॉलिसी त्या जुन्या कायद्याखाली घ्यावयाची, आणि तीन गिऱ्हाइके झाल्याशिवाय दुसरे यंत्र आणावयाचे नाही, हे एका वहीच्या पानावर निराळे लिहिले गेले.

बँकेने दोन सीएनसी यंत्रांसाठी अर्ज घेतला, आणि मग राहत्या घराचे तारण मागितले. तिने भागीदार म्हणून कर्जावर सही करण्याची तयारी दाखविली, पण घर द्यावयास नकार दिला. वहीतले पान तिने बँकेत बरोबर नेले होते. तेव्हा तारणाविना, लघुउद्योगांसाठी २००० साली स्थापन झालेल्या पतहमी निधीच्या आधारे, एका यंत्रापुरते कर्ज मंजूर झाले. पुढे मी पुन्हा गेलो तेव्हा गाळ्यात एकच यंत्र होते, दुसऱ्यासाठी केलेला सिमेंटचा चौथरा रिकामा होता, आणि त्यावर मुलगा गणिताचा गृहपाठ करीत बसला होता. तिसरे गिऱ्हाईक अजून मिळावयाचे होते. तिची रात्रपाळी होती. सात वाजता तिने हिशेबाची वही नवऱ्याकडून मागून घेतली, त्या आठवड्याची येणी तपासली, एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘सोमवारी फोन’ असे लिहिले, आणि मुलाला घेऊन ती घरी निघाली.